शब्दांची विचारपूस : गारद्यांनी कुणाला गारद केलं?

प्रश्न : माझा नातू आठवीत आहे. परवा सकाळी त्यानं पेपरातला मथळा मोठ्यानं वाचला, 'अवघ्या ९८ धावांत संघ गारद', आणि मला विचारलं, "आजोबा, नारायणराव पेशव्यांना गारद्यांनी मारलं, म्हणूनच 'गारद करणं' म्हणतात ना?" मी 'हो' म्हणून मोकळा झालो. पण नंतर मलाच चैन पडेना. गारदी ही जात होती, गाव होतं, की हुद्दा? आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीत देतात ती 'गारद' कुठली?
– एक आजोबा, बार्शी

उत्तर : आजोबा, ते 'हो' तुम्हाला परत घ्यावं लागेल. तरी नातवाला माझ्याकडून शाबासकी द्या, कारण हा घोळ काही त्याच्या एकट्याचा नाही. तो मी छापून आलेला पाहिलाय, आणि त्यापायी बोलणीही खाल्ली आहेत.

मी उभा जन्म मुद्रितशोधनात काढला. खिळे जुळवायच्या दिवसांतली गोष्ट. पुरवणीत नारायणरावांच्या खुनावरचा लेख जायचा होता. जुळारी नवा होता. त्याच्या हाताला 'गर्दी' सवयीची, 'गारदी' नाही. पहिल्या प्रुफात 'सुमेरसिंग गर्दी' बघून मी हसलो, समासात खुणा केल्या आणि शेवटची बस गाठली. रात्रपाळीत सगळ्या दुरुस्त्या बसल्या, एक सोडून. सकाळी अख्ख्या सदाशिव पेठेनं वाचलं : 'गर्दीने वाड्यात शिरून पेशव्यांस गारद केले.' लेख कशावर, तर 'ध'चा 'मा' झाल्यावर, आणि नेमका त्यातच काना गळावा! एका वाचकानं पत्र लिहून विचारलं, की त्या दिवशी शनिवारवाड्यात आठवड्याचा बाजार भरला होता काय. संपादकांनी ते पत्र माझ्या टेबलावर ठेवलं, एक शब्द न बोलता.

त्या पत्रामुळे मी या शब्दांच्या मागे लागलो. गारद, गारदी, गर्दी. नाकीडोळी अगदी सख्खी भावंडं वाटतात, पण तिघांची कुळं तीन.

पेपरातल्या 'गारद'पासून सुरुवात करू, ते सोपं आहे. अरबीत 'गारा' म्हणजे धाड. फारसीत त्याचं झालं 'गारत', म्हणजे लूट, नासधूस. हिंदी-उर्दूत अजूनही 'गारत होना' म्हणतात. मराठीत येताना शेवटचा 'त' मऊ पडून 'द' झाला, एवढंच. आणि आपण 'मदद'ची 'मदत' केली, 'पसंद'चं 'पसंत' केलं. तिकडच्या 'द'चा 'त' आणि 'त'चा 'द', हिशेब फिटला! तेव्हा ९८ धावांत गारद झालेल्या संघाशी शनिवारवाड्याचा काही संबंध नाही. उद्या नारायणराव म्हातारे होऊन अंथरुणावर गेले असते, तरी आपले क्रिकेटवाले संघ गारद करतच राहिले असते.

आता गारदी. ही जात नाही आणि गावही नाही. हा पेशा आहे. युरोपी कवायत शिकलेला, रांगेत उभं राहून हुकुमाबरोबर बंदुकीची फैर झाडणारा, महिन्याच्या महिन्याला रोख पैसे घेणारा पायदळाचा शिपाई म्हणजे गारदी. त्यांच्यात मुसलमान होते, हिंदू होते, अरब होते, हबशी होते. सुमेरसिंग, खरगसिंग आणि महंमद इसफ ही त्या खुनातल्या गारद्यांच्या म्होरक्यांची नावंच पाहा ना.

हा पेशा आला दक्षिणेकडून. १७४६ साली मद्रासजवळ अड्यार नदीच्या काठी पुदुच्चेरीच्या फ्रेंचांनी हजारभर शिकवलेल्या माणसांनिशी अर्काटच्या नवाबाची कितीतरी पटींनी मोठी फौज उधळून लावली. त्या हजारातले बरेचसे इथलेच होते, फक्त कवायत फ्रेंचांची. पुढे १७५१ पासून बुसी हा फ्रेंच सरदार निजामाच्या पदरी अशा पलटणी घेऊन राहिला. त्याच वर्षी चंद्रग्रहणाच्या रात्री त्याच्या फौजेनं पेशव्यांच्या छावणीवर छापा घातला. तेव्हा हे काय प्रकरण आहे ते मराठ्यांना अगदी जवळून कळलं. कळलं म्हणजे काय, आपल्यालाही तसे लोक हवेत असं वाटू लागलं.

फ्रेंच लोक पहाऱ्याच्या तुकडीला 'गार्द' म्हणतात, पोर्तुगीज 'ग्वार्दा'. इंग्रजांचा गार्ड त्याच घरातला. तेल विकतो तो तेली, तसा गार्दातला तो गारदी. जुन्या कागदांत 'गाडदी' असंही लिहिलेलं सापडतं. तोंडात 'र' आणि 'द' लागोपाठ आले की आपली जीभ अशी वाट काढते.

पण या व्युत्पत्तीला एक प्रतिस्पर्धी आहे, आणि तो लपवणं बरं नाही. 'सियर-उल-मुताखरीन' या फारसी इतिहासाचं इंग्रजी भाषांतर १७८९ साली कलकत्त्यात छापलं गेलं. भाषांतरकार हाजी मुस्तफा हा जन्मानं फ्रेंच. त्यानं टीप लिहिली आहे, की या शिपायांचे पहिले नायक कोकण-कानडा किनाऱ्यावरचे अरब होते. ते स्वतःला 'गर्बी', म्हणजे पश्चिमेकडचे, म्हणवीत. आणि त्या गर्बीचंच फ्रेंचांनी व इथल्या लोकांनी 'गार्दी' करून टाकलं. ('मगरिब' हा सांजेचा नमाज. त्यातला 'गरब' म्हणजे जिकडे सूर्य मावळतो ती दिशा.) फ्रेंच माणसानंच फ्रेंच व्युत्पत्ती नाकारावी, म्हणून मी या टिपेपाशी बरेच दिवस अडलो होतो.

शेवटी माझा कौल गार्दकडे गेला तो दोन कारणांनी. एक, आपण 'अरबी'ला अरबीच ठेवलं, तिचं कधी 'अर्दी' केलं नाही. मग शेजारच्याच घरातून आलेल्या 'गर्बी'तल्या 'ब'नं काय घोडं मारलं होतं? दुसरं कारण अधिक वजनाचं. मराठीत शेवटचा 'ई' नसलेला 'गारद' हा शब्दही आहे, आणि त्याचा अर्थ पहारा, चौकी. कचेरीत खजिन्यावर गारद असे. ही गारद गर्बीतून निघूच शकत नाही, गार्दातून मात्र सरळ निघते. तुम्ही विचारलेली शिवजयंतीची गारदही मी याच पहाऱ्याच्या नि मानवंदनेच्या गारदेपाशी बसवतो. महाराज येत आहेत अशी ललकारी देणारे ते पहारेकरीच की! 'गारद म्हणजे बिरुदावली' असं हल्ली सांगतात. बिरुदं त्यात असतात हे खरं, पण तेवढ्यानं तो शब्दाचा मूळ अर्थ होत नाही.

जाता जाता हेही ऐका. हेच कवायती शिपाई बंगालमध्ये आणि अवधकडे 'तेलंगा', 'तिलंगा' झाले, कारण तिकडे पहिल्यांदा दिसलेले शिपाई तेलुगू मुलखातले होते. सत्तावन्नच्या बंडातही तिकडचे लोक शिपायांना तिलंगेच म्हणत होते. म्हणजे पेशा एकच, पण आपण त्याला फिरंग्याच्या शब्दानं ओळखलं आणि उत्तरेनं मद्रासेच्या मुलखानं.

गारद्याच्या अंगावरच्या सामानाची नावंही उलगडून बघण्यासारखी आहेत. बंदूक अरबी, तिच्या टोकाची संगीन फारसी, कमरेचं काडतूस पोर्तुगीज, तो करतो ती कवायत पुन्हा अरबी. आणि ज्याच्यासाठी तो हे सगळं करतो तो 'पगार'ही पोर्तुगीजच. 'पागार' म्हणजे त्यांच्या भाषेत पैसे चुकते करणं. हा शेवटचा शब्द जरा बाजूला काढून ठेवा, तो पुढे दोनदा लागणार आहे.

मराठी घोडदळाचा सरदार सरंजामावर असायचा. मुलखाचा वसूल त्याचा, त्यातून त्यानं माणसं आणि घोडी बाळगायची. वसूल आला नाही तर तोही थांबे, त्याची माणसंही थांबत. गारद्याला सरंजाम नाही, जमीन नाही. महिना भरला की रोख पैसे हवेत. त्यामुळे जुन्या सरदारांच्या डोळ्यांत तो सलायचा. दगाफटक्याची भीतीही होतीच. १७५९ मध्ये पुण्यात सदाशिवरावभाऊंवर हत्यार चाललं, ते मुजफ्फरखान गारद्याच्या कटातून. भाऊ वाचले आणि मुजफ्फरखानाला देहान्त झाला. तरीही त्याच सुमारास निजामाकडून सुटलेल्या इब्राहीमखान गारद्याला भाऊंनी पदरी घेतलं. काही महिन्यांतच, १७६० च्या फेब्रुवारीत, त्याच्या तोफांनी उदगीरला निजामाला वाकवलं.

आणि मग पानिपत. १४ जानेवारी १७६१ च्या पहाटे लढाईला निघताना इब्राहीमखान भाऊंकडे आला. काशीराज पंडित त्या दिवशी समोरच्या बाजूला, अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी होता. त्यानं हा प्रसंग लिहून ठेवलाय. खानाच्या बोलण्याचा आशय असा : मी माझ्या माणसांच्या दरमहाच्या पगारासाठी हट्ट धरतो म्हणून आपण आजवर माझ्यावर रागावत आलात. या महिन्यात तर खजिना लुटला गेला आणि आम्हाला काहीच मिळालं नाही. पण ते राहू द्या, आज मी माझं काम चोख करून दाखवतो.

मग निशाण स्वतःच्या हाती घेऊन तो पुढे गेला. डाव्या बगलेला त्याचे आठ-नऊ हजार गारदी होते आणि समोर हाफिज रहमतखान व दुंदेखानाचे रोहिले. दोन पलटणी त्यानं बाजू राखायला वळवल्या आणि उरलेल्यांना गोळीबार थांबवून संगिनी रोखून चालायला लावलं. दुपारपर्यंत रोहिल्यांची दाणादाण उडाली होती आणि गारद्यांतही फारच थोडे उभे होते. खान जखमी होऊन पकडला गेला, नंतर अब्दालीकडच्यांनी त्याला मारलं. त्या महिन्याचा पगार त्याच्या माणसांना मिळालाच नाही. घ्यायला माणसंच उरली नव्हती.

याला बारा वर्षं झाली आणि भाद्रपदात, ३० ऑगस्ट १७७३ ला, ते झालं. ऐन गणपतीचे दिवस. वाड्यातल्या गारद्यांचा पगार थकलेला. अठरा वर्षांचे नारायणराव 'काका, मला वाचवा' म्हणत राघोबादादांच्या कमरेला बिलगले. चाफाजी टिळेकरानं धन्याच्या अंगावर स्वतःला झोकून दिलं. दोघेही तलवारीखाली गेले. देह बाहेर काढला ती वाट म्हणजे आजचा नारायण दरवाजा. मी कसबा पेठेतला. लहानपणी आजी संध्याकाळी त्या बाजूला फिरकू देत नसे. तिच्या तोंडी 'गारदी' हा शब्द पगारी शिपायाचा नव्हताच, तो राक्षसाचा होता.

'धरावे'चं 'मारावे' आनंदीबाईंनी केलं, अशी आख्यायिका आहे. मुद्रितशोधक म्हणून माझी तक्रार एवढीच, की ही गोष्ट सांगणारे नुसता 'ध'चा 'मा' म्हणतात, आणि मुळात एक कानाही जास्तीचा लागला हे सोयीस्कर विसरतात. रामशास्त्र्यांनी दादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं ते सगळ्यांना पाठ आहे. शब्दाला काय शिक्षा झाली ते कुणी सांगत नाही. गार्द म्हणजे राखण. राखणाऱ्याचं नाव त्या एका दुपारनंतर भाडोत्री मारेकऱ्याचं नाव झालं, ते आजतागायत. कुठल्या सभेत दंगा झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात 'गारद्यांचा हैदोस' असतोच. इब्राहीमखानाला मात्र इतिहासाचं पुस्तक 'निष्ठावंत' म्हणतं आणि पुढच्याच शब्दात 'गारदी' म्हणतं, आणि वाचणाऱ्याला त्यात काही खटकत नाही.

राहिली गर्दी. फारसीत 'गर्द' म्हणजे धूळ आणि 'गर्दीदन' म्हणजे फिरणं. बखरीत 'मुलूख गर्दीस मेळविला' असं येतं, ते आपलं सरळ 'धुळीस मिळवला'. त्यातून धामधूम, दंगा, आणि शेवटी नुसती माणसांची दाटी. 'आवारागर्दी', 'दहशतगर्दी' यांतली गर्दी तीच. दिल्लीकडे एकेकाच्या नावानं अशा गर्द्या मोजत असत, त्यातली 'भाऊगर्दी' म्हणजे सदाशिवरावभाऊंच्या स्वारीची धामधूम. आपण आता लग्नाच्या पंगतीत पाव्हणे फार झाले की 'काय ही भाऊगर्दी' म्हणतो. त्यातले भाऊ आपले भाऊबंद नव्हेत, ते पानिपतचे भाऊ.

आमच्या त्या फसलेल्या वाक्याला मी आता थोडी माफी दिली आहे. 'गर्दीने शिरून गारद केले' हे जुन्या मराठीत, दंगा करीत शिरून ठार केले, असं चाललं असतं. संपादक हयात असते तर त्यांना तसं सांगायची हिंमत मात्र झाली नसती.

प्रश्न : मी लग्नानंतर कोलकात्यात आले. शेजारच्या काकू नातीला झोपवताना एक अंगाई म्हणतात, तिच्यात बाळ झोपलं, आळी निवली आणि 'बर्गी' देशात आले असं आहे. मी मराठी आहे म्हटल्यावर त्या हसून म्हणाल्या, "म्हणजे तुम्हीच त्या!" हे बर्गी कोण?
– एक वाचक, कोलकाता

उत्तर : ताई, त्या काकूंचं बरोबर आहे. बर्गी म्हणजे आपले बारगीर. बंगाली जिभेवर एक काना आणि शेवटचा 'र' गळाला.

फारसीत 'बार' म्हणजे ओझं आणि 'गीर' म्हणजे घेणारा. बारगीर मुळात ओझ्याचा घोडाच. आपल्याकडे तो शब्द घोड्यावरून स्वारावर गेला. स्वतःचं घोडं आणि हत्यार घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार. त्यातलं 'सिलाह' म्हणजे हत्यार. ज्याला घोडं सरकारच्या पागेतून मिळतं तो बारगीर. शिवाजी महाराजांच्या पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमल्यांवर एक हजारी अशी उतरंड बखरकार सभासदानं दिली आहे. दर पंचवीस घोड्यांमागे एक पाणक्या पखालजी आणि एक नालबंदही असे. मला या तपशिलाचं फार अप्रूप वाटतं. पाणी आणि नाल यांची सोय आधी, लढाई मागाहून.

बंगालमध्ये गेले ते नागपूरकर रघुजी भोसल्यांचे स्वार. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं त्यांच्या स्वाऱ्या चालल्या होत्या. १७४४ मध्ये नवाब अलीवर्दीखानानं भेटीला बोलावून भास्कर राम कोल्हटकरांना दग्यानं मारलं. १७५१ मध्ये तह होऊन वर्षाला बारा लाखांची चौथ ठरली. त्या दहा वर्षांत रयतेची लूट आणि जाळपोळ झाली, हे आपण आढेवेढे न घेता मान्य करावं. अंगाईच्या पुढच्या ओळीत आई विचारते, की धान तर बुलबुलांनी खाल्लं, आता सारा कशातून भरू? शत्रूच्या नावापाठोपाठ सरकारचा सारा आठवावा, यावरून रयतेला दोन्हीकडून कसं पिळलं जात होतं ते कळतं.

तुम्ही कोलकात्यात आहात, तर सर्क्युलर रोडवरून एकदा सावकाश जा. आता त्याला आचार्य जगदीशचंद्र बोस आणि आचार्य प्रफुल्लचंद्र यांची नावं आहेत. बर्गींच्या धास्तीनं १७४२ मध्ये गावाभोवती खणायला घेतलेला 'मराठा खंदक' पुढे बुजवला, त्या मातीवर तो रस्ता झाला. खंदक पुरा खणलाच गेला नाही, आणि बर्गीही तिथवर आले नाहीत.

आणि शेजारच्या काकूंना माझा निरोप सांगा : बारगीर म्हणजे ज्याच्या बुडाखालचं घोडंसुद्धा स्वतःचं नव्हतं, असा माणूस.